थोमाचे आठ दिवस

चर्चमध्ये मी पहिल्यांदा गेले ती गाडी चालवायला म्हणून. आम्ही वडगाव शेरीला राहतो, बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काकू आहेत, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं, आता रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. काका होते तोवर दर रविवारी दोघं स्कूटरवर गुरुवार पेठेत पंचहौदच्या चर्चला जायचे. आमच्या भागात चालत जाता येईल अशी कितीतरी चर्च आहेत, पण काकूंचं लग्न पंचहौदला लागलेलं, मुलीचा बाप्तिस्मा तिथला, काकांची शेवटची प्रार्थनाही तिथेच झाली, त्यामुळे दुसरीकडे त्यांचं मन लागेना. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि रिक्षात चढणं-उतरणंच बंद झालं. एक दिवस जिन्याजवळ उभ्या होत्या, सहज बोलून गेल्या, तीन महिने झाले गं, देवळात गेले नाही.

देवळात म्हणाल्या. नगरकडचे जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. का कोण जाणे, तो शब्द मनात अडकून राहिला आणि मी म्हटलं, काकू, रविवारी मी सोडते की तुम्हाला.

ही अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. सुरुवातीचे चार-पाच रविवार मी त्यांना हात धरून दारापर्यंत न्यायचे आणि बाहेर गाडीत मोबाईल बघत बसायचे. मग जुलैतला एक रविवार असा आला की पाऊस नुसता कोसळत होता, काचा खाली करता येईनात, आत जीव गुदमरायला लागला, म्हणून मी छत्री घेऊन पळत आत गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. गाणं चालू होतं. पेटी, तबला, आणि चाल अगदी अभंगाची. मला वाटलं होतं ऑर्गन असेल, इंग्रजी असेल, सिनेमात बघितलंय तसं काहीतरी असेल, आणि इथे पदर सावरून बायका जे म्हणत होत्या ते माझ्या सासवडच्या आजीच्या ओसरीवर कोणी म्हटलं असतं तर आजीने मान डोलावली असती. शेजारच्या बाईंनी त्यांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. 'उपासना संगीत'. गाण्यापाशी नाव होतं, ना. वा. टिळक. म्हणजे तेच, 'केवढे हे क्रौर्य' लिहिणारे, ज्यांची ती घायाळ पक्षीण आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली आणि पाठ करताना घसा दाटून आला होता. ते ख्रिस्ती होते हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी कोण ते आधी सांगायला हवं. माझं काम ऑडिटचं. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेले आकडे खरे आहेत का ते बघायचं, व्हाउचर मागायचं, सही कोणाची, तारीख कधीची, हे विचारायचं. घरात देव्हारा आहे, संध्याकाळी दिवा लागतो, दीड दिवसाचा गणपती असतो, हे सगळं मी मनापासून करते, पण देव खरंच आहे का, तो ऐकतो का, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं कारण आमच्याकडे ते कोणी विचारत नाही, करायचं असतं म्हणून करायचं. चर्चमध्ये बसायला लागल्यावर पहिल्यांदा असं झालं की कोणीतरी म्हणतंय, हे अमुक अमुक घडलं, पंतय पिलाताच्या, म्हणजे येशूला वधस्तंभाची शिक्षा देणाऱ्या रोमी सुभेदाराच्या काळात घडलं, यावर तुझा विश्वास आहे का. उपासनेत सगळे उभे राहून विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणतात. मी उभी राहते आणि तोंड बंद ठेवते. आजही. ज्याची खात्री नाही त्यावर सही करायची नाही, हे माझ्या अंगातच भिनलंय.

पण ऐकत राहिले, आणि मग वाचायला लागले. काकूंनीच त्यांचं बायबल दिलं. काळं रेक्झिनचं कव्हर, कोपरे झिजून आतला पुठ्ठा दिसायला लागलेला, पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्या जन्ममृत्यूच्या तारखा वेगवेगळ्या शाईत, सगळ्यात खाली काकांची, आणि तिथे मात्र ते वळणदार शाळेचं अक्षर थोडं कापलेलं. आत लाल पेन्सिलने खुणा केल्यात, आणि समासात मधूनमधून प्रश्नचिन्हं. मी विचारलं, काकू, ही प्रश्नचिन्हं कसली? म्हणाल्या, अजून कळलं नाही ते. काही तर चाळीस वर्षांपूर्वीची आहेत. मी बघतच राहिले. रोज पहाटे उठून गुडघ्याला बाम चोळत प्रार्थना करणारी ही बाई, आणि तिच्या देवाच्या पुस्तकात चाळीस वर्षं प्रश्नचिन्हं तशीच्या तशी.

येशूची गोष्ट सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, मत्तय, मार्क, लूक, योहान. मी मार्कपासून सुरुवात केली, कारण ते सगळ्यात छोटं. एका शनिवारी दुपारी बसले आणि संध्याकाळपर्यंत संपवलं. चमत्कारांची पानं मी भराभर उलटली, खरं सांगते, ती मला तेव्हाही पटली नाहीत आणि आजही तिथे माझी अडचण होतेच. मी थांबले ती गेथशेमाने बागेत. उद्या आपल्याला मारणार हे माहीत असलेला माणूस रात्री बागेत जमिनीवर पडून म्हणतो की हा प्याला माझ्यापासून दूर कर. म्हणजे मला हे नकोय. आणि ज्यांना जागे राहा म्हणून सांगितलं ते तीन मित्र झोपलेत. तो उठवतो, ते पुन्हा झोपतात, असं तीनदा. मग दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर तो ओरडतो, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. हे वाक्य मार्कने त्याच्याच बोलीत ठेवलंय, एलोई, एलोई, लमा सबखथनी, जणू ज्याने कोणी ते ऐकलं त्याच्या कानातून ते शेवटपर्यंत गेलंच नाही.

माझे बाबा गेले तेव्हा शेवटचे अकरा दिवस मी त्यांच्याजवळ होते. त्या अकरा दिवसांत मला कोणी गीता वाचून दाखवली, कोणी म्हणालं आत्मा अमर आहे, कोणी म्हणालं प्रारब्ध, आणि सगळे प्रेमानेच म्हणत होते, पण मला आत कुठेतरी नुसतं ओरडायचं होतं आणि ओरडायला जागाच नव्हती. हे वाक्य वाचलं आणि मला वाटलं, इथे जागा आहे. देव म्हणून ज्याची पूजा करतात तोच देवाला विचारतोय की का. आपल्याकडेही हे नाही असं नाही. तुकोबांनी सरळ म्हटलंय, माझ्या लेखी देव मेला. पण ते आम्हाला कोणी कीर्तनात सांगितलं नाही, आमच्या वाट्याला आले ते आनंदाचे डोही वाले तुकोबा. गंमत म्हणजे ना. वा. टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. माझं उलटं झालं, मी चर्चमध्ये बसले आणि मग घरी येऊन आजीच्या घरातली गाथा बाहेर काढली.

तर वधस्तंभापर्यंत मी आले. पुढची ती रिकामी कबर, येशू मरणातून उठला म्हणतात ती, तिथे माझ्यातली ऑडिटर जागी होते. कबरीपाशी किती बायका गेल्या? मत्तय म्हणतो दोघी, मार्क म्हणतो तिघी, योहान एकट्या मग्दालीया मरीयेचं नाव घेतो, लूक आणखी वेगळं सांगतो. आत कोण दिसलं? कोणी म्हणतो एक तरुण, कोणी म्हणतो देवदूत, कोणी म्हणतो दोघं. मी कागदावर चार रकाने आखून हे सगळं लिहिलं आणि काकूंच्या समोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते नीट वाचलं, एक ठिकाणी माझी चूक काढली, आणि म्हणाल्या, माझ्या वर्गात चार मुलांनी एकसारखं उत्तर लिहिलं की मी कॉपी धरायचे. हे उत्तर चांगलं आहे, मला आवडलं, पण मी त्यांना तेव्हाही म्हटलं की कॉपी केली नाही याचा अर्थ उत्तर बरोबर आहे असा होत नाही. त्या म्हणाल्या, नाहीच होत. आणि चहा टाकायला उठल्या.

त्या चहाच्या आधीच त्यांनी मला आणखी एक दाखवलं, की मार्कच्या शेवटी चौकटी कंसात आणि टिपेत काहीतरी लिहिलंय. सगळ्यात जुन्या ज्या संपूर्ण प्रती आहेत, चौथ्या शतकातल्या, त्यांत मार्कचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीलाच संपतं. बायका कबरीवरून पळत सुटतात, कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. संपलं. पुढचं नंतर जोडलेलं आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. हे मला कितीतरी दिवस पुरलं. ज्यांना लोकांना पटवून द्यायचं असतं ते गोष्ट अशी भीतीवर सोडत नाहीत. आणि त्या काळी बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नसताना पहिल्या साक्षीदार म्हणून बायकाच उभ्या करत नाहीत. यातून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे, पण माझ्या कामात कधीकधी एखादं फाईल हातात घेतलं की हे बनवलेलं नाही असं आधी हाताला कळतं, कारण बनवणारा इतका गबाळेपणा ठेवत नाही. तसं काहीसं.

आता पंचहौदबद्दल थोडं सांगते, कारण पुण्यात राहून मला हे माहीत नव्हतं याचं मला वाईट वाटलं. पाच हौदांवरून हे नाव. आजचं चर्च, पवित्र नाम देवालय, १८८० च्या दशकातलं, घंटेचा मनोरा चर्चपासून सुटा उभा आहे आणि पेठेतल्या गल्ल्यांमधून अचानक वर दिसतो. याच मिशनमध्ये १८९० साली पुण्यातली मोठी मोठी माणसं व्याख्यानाला गेली, त्यांच्यासमोर चहा-बिस्किटं आली, आणि पुढे वर्तमानपत्रात त्यांची नावं छापून आली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. ख्रिस्ती लोकांकडचा चहा म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तं झाली. एका कपावरून. मी दर रविवारी उपासना झाल्यावर तिथेच आवारात उभी राहून चहा पिते. कोणी बघत नाही, कोणी नाव छापत नाही. तरी पहिल्या दिवशी तो कप हातात घेताना, काकूंच्या मैत्रिणीने मायेने दिलेला तो कप, माझा हात एक क्षण थांबला होता. मला त्या थांबण्याची लाज वाटली, आणि ते काय होतं ते मी अजून स्वतःला विचारते.

याच पंचहौदशी पंडिता रमाबाईंचाही संबंध आहे. इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या सिस्टर्स इथे काम करायच्या, त्यांच्या ओळखीने रमाबाई तिकडे गेल्या आणि १८८३ च्या सप्टेंबरमध्ये तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. रमाबाई म्हटलं की एकतर 'बाटली' म्हणून नाक मुरडणारे भेटतात नाहीतर संत म्हणून हात जोडणारे. पण त्यांची त्या काळातली पत्रं आहेत, त्यांत बाप्तिस्म्यानंतरही त्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी कडाकडा वाद घालताना दिसतात. देव तीन कसा आणि एक कसा, हे मला बायबलमध्ये दाखवा. १८८५ च्या एका पत्रात त्या जे म्हणतात त्याचा आशय असा, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता दुसऱ्या तसल्याच जोखडात मान घालायची माझी तयारी नाही. सत्तावीस वर्षांची, नवरा गेलेला, पदरी लहान मुलगी, परक्या देशात, ज्यांच्या आधाराने तिथे आली त्यांनाच हे सांगते. आणि याच बाईने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या बायबलचं मराठी भाषांतर एकटीने केलं, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच मुलींनी त्याचे खिळे जुळवले. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, बायबल छापून पूर्ण झालं ते १९२४ साली.

मी एकदा एकटीच दौंडच्या गाडीने केडगावला जाऊन आले. ठरवून काही नव्हतं. सकाळची गाडी, खिडकीतून ऊस, स्टेशनवर उतरून चालत. मला फक्त बघायचं होतं की इतके प्रश्न असलेल्या बाईने शेवटी काय उभं केलं. दुष्काळात आईबाप गेलेल्या, नवरा मेला म्हणून टाकलेल्या शेकडो मुली तिने इथे आणल्या. त्या आवारात झाडाखाली बसले आणि मला जाणवलं की मी इतके दिवस विश्वास म्हणजे शंका संपल्यावर मिळणारी गोष्ट समजत होते, परीक्षा पास झाल्यावर मिळणाऱ्या सर्टिफिकेटसारखी. या बाईने प्रश्न चालू असताना कामाला हात घातला होता.

हे सगळं चालू असताना घरी काय, असं कोणीही विचारेल. नवऱ्याचा प्रश्न नव्हता, तो म्हणाला तुला बरं वाटतंय ना, मग झालं. आईचं तसं नव्हतं. आधी काही दिवस काही बोललीच नाही, मग एके रात्री फोनवर एकदम म्हणाली, तू बाटणार आहेस का? मी म्हटलं, आई, मी काकूंना सोडायला जाते. ती म्हणाली, दीड तास सोडतेस? मग तिचा आवाज बदलला आणि म्हणाली, तुझ्या आजीने तेवीस वाऱ्या केल्या गं. त्या एका वाक्यावर मी काहीच बोलू शकले नाही.

बाटणे हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय, त्याचा अर्थ कधी नीट बघितला नव्हता. विटाळणे, भ्रष्ट होणे. मी तो शब्द काकूंसमोर उच्चारला नाही, पण एकदा सोसायटीच्या मीटिंगनंतर कोणीतरी त्यांच्या मागे बोललं, यांचे आजे-पणजे पोटासाठी बाटले, आणि ते त्यांनी ऐकलं. मी त्यांच्या शेजारी होते, माझाच चेहरा उतरला. काकू शांतपणे म्हणाल्या, हो, पोटासाठीच. पोट कोणी दिलं? मग घरी गेल्यावर सांगितलं. पणजोबा गावकुसाबाहेरचे. दुष्काळात गावातल्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती, मिशनच्या माणसाने पाणी दिलं, आणि नुसतं दिलं नाही, त्याच भांड्यातून स्वतः प्यायला. पणजोबा म्हणायचे, भाकरी कोणीही टाकतं, कुत्र्यालाही टाकतात, पण माझ्या हातचं पाणी पिणारा पहिला माणूस तो. काकूंच्या घरात ही गोष्ट चार पिढ्या सांगतात.

आणि हेही त्याच म्हणाल्या की पुढे चर्चमध्येही सोयरीक बघताना मूळचे कोण, कुठल्या गावचे, हे निघतंच, ते काही येशूने पुसलं आणि पुसलं गेलं असं झालं नाही. शिवाय १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींत ख्रिस्ती दलित धरलेच जात नाहीत. १९५६ साली शीख घेतले, १९९० साली बौद्ध घेतले, हे बाहेरच. म्हणजे गाव जात विसरत नाही, सरकार जात मानत नाही, आणि वर कोणीतरी म्हणणार की फायद्यासाठी बाटले. मला याचा राग येतो. माझ्या घराण्याला विहिरीवर कधी कोणी अडवलं नाही, त्यामुळे मी 'धर्म का बदलावा, देव तर एकच' असं आरामात म्हणू शकत होते, आणि अनेक वर्षं म्हणत होते.

पण आजी. आईचं ते वाक्य माझ्या मनातून जाईना, कारण माझी खरी शंका तीच होती. कबरीची नव्हती, चमत्कारांचीही नव्हती. माझी आजी माळ घालायची, दिवे घाट चढून जाणाऱ्या पालखीत ती तरुणपणापासून चालली, तिला लिहिता वाचता येत नव्हतं पण हरिपाठ तोंडपाठ, आणि दारात आलेल्या कोणालाही ती पाणी विचारल्याशिवाय पाठवायची नाही, कोणालाही म्हणजे कोणालाही, त्यावरून तिने सासूचा मारही खाल्ला होता. दुसऱ्या एका ठिकाणी, काकूंच्या ओळखीने एका प्रार्थनासभेला गेले होते तेव्हा, एका तरुण प्रचारकाने छातीठोकपणे सांगितलं की ज्याने ख्रिस्ताला स्वीकारलं नाही त्याचा नाश ठरलेला आहे, आणि योहानातलं ते वाक्य म्हटलं, मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे. सगळे आमेन म्हणाले. मला आजीचे भेगाळलेले पाय दिसले. मी उठून बाहेर आले आणि पुढचे तीन रविवार काकूंना दारापाशी सोडून गाडीतच बसून राहिले.

काकूंनी काही विचारलं नाही. मीच शेवटी नगर रोडला ज्ञानदीप विद्यापीठात शिकवणाऱ्या एका वयस्कर फादरना भेटले, माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीने गाठ घालून दिली. ते कॅथलिक, काकू प्रॉटेस्टंट, माझ्या दृष्टीने तेव्हा सगळं एकच होतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, आजीबद्दल स्वतःहून चार प्रश्न विचारले, नाव काय, कुठल्या दिंडीत जायची, आणि मग सांगितलं की त्यांच्या चर्चने १९६० च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत असं मांडलंय की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणे वागतात त्यांनाही तारण मिळू शकतं, आणि इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे १९६५ सालचं. मला बरं वाटलं. पण पूर्ण नाही. 'मिळू शकतं' या शब्दांत माझ्या आजीला कोणीतरी उंबऱ्यावर उभं करून ठेवलंय असं मला वाटत राहिलं. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, तुमच्या आजीला मी तपासणार नाहीये, ताई. मला कोणी तपासावं असं मला वाटत नाही.

घरी आले आणि काकूंना सगळं सांगितलं, प्रचारकाचं, आजीचं, फादरांचं. काकू म्हणाल्या, ते मार्गाचं वाक्य काढ. चौदावा अध्याय. आता त्याच्या आधीची ओळ वाच. कोणाला उत्तर देतोय तो?

थोमाला, येशूच्या बारा शिष्यांतल्या एकाला. मी कधी लक्षच दिलं नव्हतं. येशू म्हणतो मी कुठे जातो तो मार्ग तुम्हाला ठाऊक आहे, आणि सगळे गप्प बसलेले असताना हा एकटा म्हणतो, आपण कुठे जाता हेच आम्हाला ठाऊक नाही, मग मार्ग कसा ठाऊक असणार. त्याला दिलेलं उत्तर आहे ते. गोंधळलेल्या मित्राला, मरणाच्या आदल्या रात्री, जेवणाच्या ठिकाणी. काकू म्हणाल्या, घाबरलेल्या पोराचा हात धरून आई म्हणते ना, मी आहे ना, माझ्याकडे बघ, तसं मी ते वाचते. दुसऱ्यांना हाकलायला ते वाक्य नाही दिलेलं. मग थोडं थांबून म्हणाल्या, मला तरी नाही दिलेलं. त्यांच्या बायबलमध्ये त्या ओवीपाशी प्रश्नचिन्ह होतं. लाल पेन्सिलीचं, फिकट झालेलं.

त्या रात्री मी थोमा जिथे जिथे येतो ते सगळं वाचलं. फार नाहीये. एकदा बेथानीला जाणं म्हणजे मरण आहे असं दिसत असताना तो बाकीच्यांना म्हणतो, चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ. मग हा मार्गाचा प्रश्न. आणि मग ते प्रसिद्ध, त्याच्या हातांतले खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय, कुशीत हात घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणारच नाही. येशू आधी आला तेव्हा थोमा तिथे नव्हता, बाकीच्यांनी बघितलं, याने नाही. आणि पुढचं वाक्य सुरू होतं ते आठ दिवसांनंतर. शिष्य पुन्हा घरात होते, आणि थोमा त्यांच्याबरोबर होता.

मी त्या आठ दिवसांवर अडकले आहे. चित्रांमध्ये नेहमी थोमाचं बोट जखमेत दाखवतात, पण योहान कुठेच म्हणत नाही की त्याने बोट घातलं. येशू म्हणतो घाल, आणि थोमा म्हणतो, माझ्या प्रभू, माझ्या देवा. त्याने हात लावला की नाही ते लिहिलेलंच नाही. त्याच्याही आधीचे ते आठ दिवस, त्यांच्याबद्दल तर एक अक्षर नाही. दहा जण म्हणतायत आम्ही बघितलं, अकरावा म्हणतोय मला पटत नाही, आणि तरी तो त्याच घरात आहे. कोणी त्याला म्हटलं नाही की तुझा विश्वास नाही तर बाहेर हो. त्यानेही म्हटलं नाही की तुम्ही सगळे भ्रमात आहात, मी चाललो गालीलात. दारं लावलेली, बाहेर भीती, आत हे. भाकरी वाढताना त्याला वगळलं नसणार. कोणीतरी रात्री त्याच्या शेजारीच आडवं झालं असणार. त्या आठ दिवसांत त्याने काय केलं, त्यांच्या प्रार्थनेला तो उभा राहिला का, तोंड बंद ठेवून?

माझे आठ दिवस अडीच वर्षांचे झालेत.

प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला सगळे पुढे जातात आणि मी बाकावर राहते. जाताना काकू त्यांची काठी, चष्म्याची केस आणि रुमाल माझ्याकडे देतात, रुमालाच्या कोपऱ्यात अर्पणाच्या पैशाची गाठ असते ती तोवर सुटलेली असते. मी ते मांडीवर धरून बसते. परत येताना त्यांचे डोळे ओले असतात, त्या काठी घेत नाहीत, आधी माझा हात घेतात, दाबतात, मग काठी. पहिल्या वर्षी मला वाटायचं की त्या माझ्यासाठी प्रार्थना करत असतील की हिला विश्वास येऊ दे, आणि मला त्याचं दडपण यायचं. एकदा विचारलंच. म्हणाल्या, नाही गं, तुझ्या मुलाच्या दहावीसाठी केली.

गेल्या महिन्यात शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्यांची भाची खराडीला राहायला आलीये, तिच्याकडे गाडी आहे, ती आता दर रविवारी येणार. म्हणाल्या, तुला उगाच त्रास झाला इतके दिवस, आता तू तुझ्या रविवारी आराम कर बाळा. मी म्हटलं बरं काकू.

रविवारी सकाळी सातला उठले, नेहमीसारखी. चहा केला. नवरा झोपलेला, मुलगा झोपलेला. खिडकीतून खाली भाचीची गाडी आलेली दिसली, काकू बसल्या, दार लागलं, गाडी गेली. मी देव्हाऱ्यातला दिवा लावला, आजीची माळ तिथेच एका डबीत असते. अर्धा तास मी स्वयंपाकघरात काहीही करत बसले, डबे पुसले, कोथिंबीर निवडली. मग गाडीची चावी घेतली.

पोचायला उशीर झाला होता, पहिलं गाणं संपत आलं होतं. शेवटच्या बाकावर काकू आणि त्यांची भाची. काकूंनी मागे वळून बघितलं नाही, त्यांना चाहूल लागली असावी, भाचीला कोपराने जरा खुणावलं आणि दोघी आत सरकल्या. मी बसले. काकूंनी पुस्तक माझ्या बाजूला कललं, बोट ओळीवर ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने काठी माझ्याकडे दिली.